कॅमेरा साक्षी असतो का?

वडूजला मी लग्नाचं शूटिंग करतो. हल्ली पोरं येतात ती लग्नाची तारीख द्यायला नव्हे, तर "दादा, शॉर्ट फिल्म करायचीय, कुठला कॅमेरा घेऊ?" असं विचारायला. हातातला मोबाईल पुरेल, असं मी सांगतो. पैसे असलेच तर माइकवर घाला, कारण आपल्या माळावरचा वारा चित्राचं काही बिघडवत नाही, पण बोलणं पार खाऊन टाकतो. एवढं पाच मिनिटांत सांगून होतं. त्यापुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझ्या डोक्यातून तोच जात नाही: दुसऱ्याचं दुःख टिपताना आपण नेमके कोण असतो?

जाणती माणसं म्हणतात, दिग्दर्शकानं साक्षी असावं. मुंडकोपनिषदात एका झाडावरचे दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. वेदान्तानं त्या पाहणाऱ्याला फार मोठा मान दिला. तो कर्ता नाही, भोक्ता नाही. ऐकताना मन निवतं. पण तो पक्षी आत्म्याचा आहे. रेकॉर्डिंगचं बटण दाबणाऱ्या माणसानं त्याच्या फांदीवर जाऊन बसू नये, असं माझं ठाम मत झालंय. कारण हा माणूस फळ खातोच. महोत्सवात टाळ्या त्याला मिळतात, पडद्यावर नाव त्याचं येतं. ज्याची विहीर आटली, त्याच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

कर्तेपणाचा प्रश्न आणखी अवघड. गोंदवले आमच्यापासून जवळ, आमच्या घरातून वारी कधी चुकली नाही. तिथल्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी १९१३ च्या डिसेंबरात देह ठेवला. त्याच वर्षी मे महिन्यात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला होता. महाराज सांगत राहिले की कर्तेपण रामाकडे द्या. आणि फाळके? विमा गहाण टाकून विलायतेला गेले, परत आल्यावर वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं चित्रित करून त्याची वाढ पैसेवाल्यांना दाखवली, तेव्हा कुठे भांडवल उभं राहिलं. शंभर वर्षांनी भाऊराव कऱ्हाडेंनी ‘ख्वाडा’साठी वाडवडिलांची जमीन विकली. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, पण जमीन विकली तेव्हा पुढे काय होणार हे कुणाला ठाऊक होतं? शेतकऱ्याच्या मुलानं जमीन विकणं म्हणजे काय, हे आमच्या खटाव-माणच्या माणसाला समजावून द्यावं लागत नाही. अशा माणसाला ‘तू कर्ता नाहीस’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. महाराजांचं सांगणं मला दुसऱ्या जागी लागू पडताना दिसतं. कष्ट आपले, कर्ज आपलं, झोपमोड आपली. पण जे समोर दिसलं, ते आपलं नव्हे. तिथं हक्क सांगू नये.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागात चारा छावण्या पडल्या होत्या. लग्नाचाच कॅमेरा घेऊन मी एका छावणीत जाऊ लागलो. एक म्हातारी रोज संध्याकाळी गाईला ऊस तोडून घालायची. कोयत्याचा आवाज, गाईच्या फासळ्या, मागे पत्र्यावर उतरलेलं ऊन, सगळं जमून आलं होतं. तेवढ्यात वासराच्या पायाला दाव्याचा वेढा बसला आणि ते आडवं पडलं. म्हातारी ओढत होती, पण दावं सुटेना. तिनं वर बघितलं आणि ओरडली, "आरं बघतूस काय, धर की जरा!" मी कॅमेरा जमिनीवर टेकवला आणि धावलो. तो चालूच होता. पुढच्या चित्रात नुसती माती, तिरकी दावण आणि आमचे चार पाय. ते दृश्य मी फिल्ममध्ये तसंच ठेवलं. ‘बघतूस काय’ हा प्रश्न तिनं मला विचारला होता, पण तो प्रत्येक बघणाऱ्याला ऐकू जावा असं मला वाटलं.

‘फॅन्ड्री’ चित्रपटाच्या शेवटी त्यातला पोरगा जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं, म्हणजे आपल्याच अंगावर. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. कडेला उभं राहून बघणाऱ्याला त्यांनी निर्दोष सोडलं नाही, आणि ते बरोबरच केलं. आमच्या गावालाही हे ठाऊक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला परशुराम घार्गे तिरंगा घेऊन इथल्या सरकारी कचेरीवर मोर्चानं चालून गेले, गोळीबारात त्यांच्यासह नऊ जण पडले. गावानं स्मारक चालणाऱ्यांचं उभारलं, कडेनं पाहणाऱ्यांचं नव्हे.

म्हणून मी एक नेम धरला. फिल्म जुळवून झाली की ती आधी त्या माणसाच्या अंगणात दाखवायची. म्हातारीनं लॅपटॉपवर सगळी पाहिली, गाईला बघून हसली, आणि एका जागी हात वर केला. तिथं ती पोराच्या कर्जाबद्दल बोलली होती. "ह्ये काढ बाबा. त्याची सोयरीक जमायचीय." माझ्या मते सगळ्या फिल्ममधलं ते सर्वात खरं वाक्य होतं. मी ते काढलं. मित्र म्हणाले, सत्य कापलंस. मला तसं वाटत नाही. ते सत्य तिच्या घरचं होतं आणि त्याची किंमत तिचा मुलगा मोजणार होता, मी नाही.

पण हा नेम सगळीकडे चालेल का, याचा विचार अजून पुरा झालेला नाही. कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला. त्यांनी तो आधी सावकाराला दाखवून ‘यातलं काय काढू?’ असं विचारलं असतं, तर चित्रपटच उरला नसता. ज्याच्या हातात दावं आहे आणि ज्याच्या पायाला त्याचा वेढा बसलाय, त्या दोघांना एकच अधिकार देता येणार नाही. म्हातारीच्या अंगणात मी पुन्हा जाईन. व्याजानं पैसे लावणाऱ्यावर पुढची फिल्म करायची डोक्यात आहे, ती मात्र त्याला आधी दाखवणार नाही. ती दाखवायची असेल तर त्याच्या कर्जदारांना, आणि त्यांनी स्वतःचं नाव काढायला सांगितलं तर ते काढेन.