भिंतीवरची रेजा

भिलाईच्या सेक्टरांमधील एखाद्या जुन्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकले की समोरची भिंत त्या कुटुंबाविषयी बरेच काही सांगून टाकत असे. चुन्याचा हात फिरवलेल्या त्या भिंतीवर मधोमध देवाचे कॅलेंडर असे. त्याच्या एका बाजूला डोळे रोखून पाहणारे आजोबा आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेलेली, पण फोटोत त्यांच्याहून तरुण दिसणारी आजी. मराठी घर असेल तर शिवाजी महाराज किंवा गजानन महाराज, आणि कुठे बाबासाहेब. नागपूर, भंडारा, अमरावतीकडून पोलादाच्या कारखान्यात नोकरीला आलेल्या या माणसांना भिलाई हा परमुलूख वाटण्याचे फारसे कारणही नव्हते. १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग व नागपूर एकाच प्रांतात होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला, तेव्हा या भागाची राजधानी नागपूरच होती. माणसे रेल्वेने आली आणि येताना ट्रंकेत, धोतराच्या घडीत गुंडाळून, आपापले फोटो घेऊन आली.

त्या भिंतीवरच्या प्रत्येक चित्राला एक प्रश्न विचारता येत असे, आणि त्याला उत्तरही मिळत असे: हा फोटो कोणाचा? देवाचा, आजोबांचा, पुढाऱ्याचा, गुरूचा. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने १८७८ पासून शिळाप्रेसवर छापलेली चित्रे घ्या, किंवा १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वती घ्या; मराठी भिंतीवर आलेले चित्र कोणाचे तरी असे. चित्रासाठी बसलेली बाई कोण होती हे घराला ठाऊक नसे, पण चित्रात ती दमयंती झालेली असे. घराचे आणि चित्राचे नाते ठरलेले होते. सणाला हार, श्राद्धाला गंध, एरवी नुसता दृष्टिक्षेप. भिंतीवर टांगणे म्हणजे काहीतरी स्वीकारणे होते.

आता अशाच एका क्वार्टरमधील बदललेली बैठक कल्पावी. निवृत्त ऑपरेटरचा मुलगा दूरच्या शहरात स्थिरावला आहे. सुट्टीवर आल्यावर त्याने वडिलांची बैठक हौसेने सजवून दिली. एक भिंत राखाडी झाली. कॅलेंडर स्वयंपाकघरात गेले, आजी-आजोबा आतल्या खोलीत. राखाडी भिंतीवर काळ्या चौकटींत तीन जुनी कृष्णधवल चित्रे लागली. पहिल्यात अर्धी उभी राहिलेली झोतभट्टी आहे आणि तिच्यासमोरून डोक्यावर घमेले घेऊन जाणारी बांधकामावरची मजूर बाई, जिला या मुलुखात रेजा म्हणतात. दुसरे बस्तरमधील एका मुरिया मुलीचे छायाचित्र, तिसरी चित्तप्रसाद यांच्या एका लिनोकटची प्रत. तिन्ही चित्रे सुरेख आहेत आणि मुलाच्या अभिरुचीला नाव ठेवण्यासारखे काही नाही. दुसऱ्या दिवशी भांडी-फरशीला आलेली छत्तीसगढी बाई पहिल्या चौकटीसमोर थांबते आणि विचारते, "ये काखर फोटो हे?" कोणाचा फोटो? वडील मुलाकडे पाहतात. मुलगा म्हणतो, "कोणाचा नाही. असाच लावलाय."

या 'असाच'मध्ये एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या माणसाशी आपले काही नाते नाही, ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या श्रमाचे, गरिबीचे किंवा देहाचे चित्र शोभेसाठी भिंतीवर लावण्याचा अधिकार कोणत्या प्रकारचा आहे? तो विकत घेण्यातून येतो काय? की सुंदर वस्तू पाहण्याची ओढ हाच पुरेसा अधिकार आहे?

यात कृष्णधवल रंगाचा वाटा लहान नाही. भिलाईला लोहदगड पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणी सुमारे नव्वद किलोमीटरवर आहेत, आणि तिथली माती, रस्ते, झाडांची पाने, मजुरांची लुगडी हे सारे एकाच तांबूस धुळीने माखलेले असते. भिलाईत रात्री रस वाहू लागला की आकाशाची एक बाजू नारिंगी होते. या गावाला रंग आहे, आणि तो श्रमातून उडालेला रंग आहे. कृष्णधवल चित्रात यातले काही उरत नाही. धूळ करडी होते, घाम चकाकी होतो, फाटक्या पदराची नुसती एक रेषा होते. ज्या गोष्टींमुळे पाहणाऱ्याने मान फिरवली असती त्या गळतात आणि उरतो तो आकार. राखाडी सोफ्याशी त्याचे उत्तम जुळते.

गंमत अशी की ज्यांनी ही चित्रे टिपली त्यांच्यापैकी बहुतेकांना निवड नव्हती. त्या काळात रंगीत फिल्म महाग होती आणि वृत्तपत्राच्या कागदावर छापायचे ते काळ्या शाईत. कृष्णधवल ही तेव्हा वृत्ती नसून मर्यादा होती. बातमीची, पुराव्याची, घाईची भाषा होती. एका काळाची अडचण दुसऱ्या काळाची अभिरुची झाली. काही विक्रेते तर कालपरवा काढलेल्या फोटोवरही पिवळट झाक चढवून त्याला जुना करतात. हे सरळसरळ खोटे नाणे आहे, त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही.

चित्तप्रसाद यांची गोष्ट मात्र सावकाश पाहण्यासारखी आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात हा तरुण चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडला आणि त्याने भुकेने मरणाऱ्या माणसांची रेखाटने केली. त्याखाली अनेकदा माणसांची, गावांची नावेही लिहिली. 'हंग्री बेंगॉल' या नावाने निघालेल्या त्याच्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपून ठेवलेल्या प्रतीवरून ती बऱ्याच वर्षांनी पुन्हा छापली गेली. पुढे चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहिले आणि लिनोवर कोरीत राहिले: शेतकरी, आया, कामाला जुंपलेली मुले. १९७८ साली ते वारले. लिनोकटचा गुण असा की एका ठशावरून थोड्या खर्चात पुष्कळ प्रती निघतात. चळवळीतल्या चित्रकाराला हाच गुण हवा असतो, कारण त्याचे चित्र एका धनिकाच्या संग्रहात अडकून पडायचे नसते. ज्या व्यवस्थेवर ही चित्रे आरोप ठेवीत होती, तिच्याच दिवाणखान्यांत ती आज मोठ्या किमतीला पोहोचली आहेत. ज्यांना मूळ ठसा परवडत नाही ते छापील नक्कल लावतात.

हा चित्रकाराचा पराभव म्हणावा काय? घाईने तसे म्हणू नये. आरोपपत्राला चौकट केली म्हणून त्यातला आरोप पुसला जात नाही. दहा वर्षे कोणी त्याकडे पाहिले नाही तरी अकराव्या वर्षी घरातले एखादे मूल विचारू शकते की या मुलाच्या बरगड्या का दिसतात. पण त्यासाठी त्या घरात उत्तर देणारे कोणीतरी हवे. चित्तप्रसाद नावे लिहीत होते. चित्राखालचा मजकूर कापून, शोभेपुरता भाग मोठा करून लावला जातो तेव्हा त्यांच्या कामातला अर्धा भाग कापला जातो, आणि तो कलेच्या नावाखाली कापला जातो हे अधिक वाईट.

बस्तरच्या मुलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. सुनील जाना यांनी चाळीसच्या दशकापासून आदिवासींची जी छायाचित्रे घेतली, त्यांतील काही व्हेरिअर एल्विन यांच्यासोबत हिंडताना घेतलेली आहेत. त्यांत आदर आहे, त्या माणसांचे ताठ उभे राहणे आहे, हे कोणीही डोळस माणूस मान्य करील. तरीही एखाद्या महानगरातील बाराव्या मजल्यावर अशी मुलगी भिंतीवर लागते तेव्हा ती 'आदिम सौंदर्य' होऊन जाते, आणि तिला विचारणारे तिथे कोणी नसते. भिलाईची गोष्ट वेगळी आहे. बस्तर इथून काही तासांच्या वाटेवर आहे. चित्रातील मुलगी आज हयात असती तर तिची नात याच गावात मजुरीला येणे अगदी शक्य होते. तेच चित्र, तीच चौकट, पण अंतर बदलले की नीती बदलते. ज्याच्याशी रस्त्यावर गाठ पडू शकते त्याचे चित्र 'असेच' लावता येत नाही.

१९४६ साली पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार बाई गांधीजींचे चित्र घ्यायला आल्या. पुढे चरखा आणि मागे कागद वाचत बसलेले गांधीजी, असे ते जगभर पोहोचलेले चित्र. ते घेण्याआधी त्यांना चरखा चालवायला शिकावे लागले होते. ज्या श्रमाचे चित्र हवे तो श्रम आधी थोडा हाताला लागू द्या, एवढीच अट. सूत नीट निघाले की नाही हा भाग गौण आहे. टिपणाऱ्याला जे प्रवेशमूल्य पडले ते टांगणाऱ्याला पडू नये काय, हा विचार त्या गोष्टीतून सुटत नाही.

भिलाईतच याचे दुसरे टोक पाहायला मिळते. शंकर गुहा नियोगी यांनी तरुणपणी याच कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये नोकरी केली, पुढे दल्ली-राजहरातील खाणकामगारांची संघटना उभी केली आणि २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत, झोपेत असताना त्यांचा खून झाला. मजुरांच्या वस्त्यांत त्यांचा फोटो लागला तो शोभेसाठी लागला नाही. ज्यांनी तो लावला त्यांनी संप केले, लाठ्या खाल्ल्या. काहींनी १ जुलै १९९२ च्या भिलाईतील गोळीबारात आपली माणसे गमावली. त्यांच्या संघटनेचा झेंडा लाल आणि हिरवा, मजुराचा एक रंग आणि शेतकऱ्याचा एक. त्या मोर्चांच्या कृष्णधवल छायाचित्रांत मात्र लाल आणि हिरवा जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरतात. ज्याला झेंडा ठाऊक आहे त्याला करड्यातही दोन रंग दिसतात. ज्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ते वाऱ्यावर फडकणारे एक देखणे कापड असते.

कठोर नीतिवादी म्हणेल की मग रेजेला भिंतीवरून उतरवा. या सल्ल्यात स्वच्छता आहे, पण न्याय नाही. कारखान्याच्या अधिकृत स्मरणात ४ फेब्रुवारी १९५९ आहे, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले तो दिवस. ज्या बायकांनी त्या भट्टीच्या पायापर्यंत गिट्टी आणि चुनखडी वाहिली, त्या या स्मरणात नाहीत. एखाद्या छायाचित्रकाराची नजर वळली म्हणून त्यांच्यातली एक उरली आहे. तिला काढून टाकले तर भिंत निष्पाप होईल आणि ती बाई दुसऱ्यांदा नाहीशी होईल. 'असाच' म्हणणाऱ्या मुलाने तिला निदान आजोबांच्या जागी, डोळ्यांच्या उंचीवर आणून ठेवले आहे, हे त्याच्या खात्यावर जमा केले पाहिजे. तिच्या पाठीचा कणा, वर गेलेला हात, चालण्यातला तोल हे सुंदर आहे असे वाटणे हा अपराध नव्हे. ते सुंदर आहेच. दोष आनंदात नाही. आनंद घेऊन झाल्यावर 'कोणाचा नाही' असे उत्तर देण्यात तो आहे. वडील तर साठच्या दशकात याच कारखान्यात रुजू झाले होते. अशा बायका त्यांनी रोज पाहिल्या असणार, त्यांच्या घामाच्या वासासकट. मुलाने उत्तर दिले तेव्हा ते गप्प राहिले, आणि त्या खोलीतली खरी उणीव बहुधा तीच होती.

जुन्या छायाचित्रांच्या मागच्या बाजूला कोणी पेन्सिलीने तारीख, जागा, कधी माणसाचे नाव लिहून ठेवलेले असते. चौकट करणारा कारागीर धूळ आणि वाळवी लागू नये म्हणून पाठीवर खाकी कागद चिकटवतो. त्याचे काम तो चोख करतो. अक्षरे कागदाखाली जातात.

वर कल्पिलेल्या घरातली गोष्ट थोडी पुढे नेता येईल. मुलगा परत गेला आहे. चौकटींवर पुन्हा धूळ बसली आहे, आणि भांडीवाली बाई स्टुलावर चढून ओल्या फडक्याने काच पुसते आहे. पुसता पुसता ती थांबते. घमेल्यात माती नाही, गिट्टी आहे, असे ती सांगते. वडील विचारतात, कशावरून? माती असती तर मान एवढी ताठ धरावी लागली नसती, गिट्टी चालताना सरकते. आणि चुंबळही नीट बसलेली नाही, उजवीकडे कलली आहे, संध्याकाळपर्यंत त्या बाजूचा कान दुखला असेल. लग्नाआधी चार वर्षे तिने हेच काम केले आहे. वडील चष्मा लावतात, उठून चित्राजवळ येतात आणि प्रथमच चुंबळीकडे पाहतात. बाई काचेची उरलेली कड पुसते आणि स्टूल उचलून पुढच्या चौकटीखाली ठेवते.