अर्धवट भिंती

मागवलेलं जेवण दहा मिनिटं उशिरा आलं की आपला जीव वरखाली होतो. अशा वेळी भोपाळची ताज-उल-मसाजिद ही मशीद आठवावी. नवाब शाहजहान बेगमांनी ती बांधायला घेतली. १९०१ मध्ये त्या गेल्या आणि काम रखडलं. अर्धवट भिंती कित्येक पावसाळे भिजत राहिल्या. १९७१ मध्ये काम पुन्हा हाती घेतलं, १९८५ मध्ये ते पुरं झालं. आजचे ते गुलाबी मिनार सुरू करणाऱ्यांनी कधी पाहिलेच नाहीत. धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. आपल्यामागून कुणी विटेवर वीट ठेवील, हे धरून चालणं.

यावर कुणी म्हणेल, धीराचे गोडवे भोपाळला ऐकवू नका. बरोबरच आहे. १९८४ मध्ये इथल्या कारखान्यातून विषारी वायू गळला; त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा शहराबाहेर जायला २०२५ चा जानेवारी उजाडला. हे वाट पाहणं नव्हे, ताटकळत ठेवणं. पण ताटकळलेले गप्प कुठे बसले? २००६ मध्ये वायुपीडित भोपाळहून थेट दिल्लीपर्यंत चालत गेले, आणि २००८ मध्ये पुन्हा निघाले.