दृष्टीच्या आड

पायी चालणे वारकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण इंग्लंडातले लोकही हौसेने चालतात, हे ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत त्यांना ठाऊक असेल. तीन-चार दिवसांची सुट्टी काढायची, डर्बीशायरसारख्या डोंगराळ मुलखात जायचे, गावोगाव चालत जुन्या उमरावांचे वाडे पाहायचे. सामान पुढच्या मुक्कामी मोटारीने पोचते. आपल्या दिंडीच्या ट्रकचीच ही धाकटी आवृत्ती म्हणा. त्या वाटेच्या शेवटी पंढरी नसते, एवढाच फरक. आणि तो लहान नाही.

बेकवेल गावातून टेकडी ओलांडली की डरवेंट नदीकाठी चॅट्सवर्थ दिसते. डेव्हनशायरच्या ड्यूकांचा हा वाडा; वाडा कसला, राजमंदिरच. समोर हिरवळ, नदी, चरणाऱ्या मेंढ्या. नजरेच्या आड घर म्हणून येत नाही. हे मोकळेपण निसर्गाने दिलेले नाही. येथे एन्झर नावाचे गाव होते. अठराव्या शतकात चौथ्या ड्यूकाने भोवतालचा परिसर नव्याने आखून घेतला, तेव्हा वाड्यातून दिसणारी घरे पाडली गेली. उरलेले गाव सहाव्या ड्यूकाने १८३८ ते १८४२ या काळात बाजूला नव्याने वसवले.

कोणी म्हणेल, नवी घरे तर सुरेख दगडी बांधून दिली, एकासारखे दुसरे नाही, लोक आजही त्यांत राहतात. मग बिघडले कुठे? शंका रास्त आहे. घराच्या बदल्यात घर मिळाले, हे खरेच. पण ते घर हलवण्याचे कारण काय होते? त्यातला माणूस कोणाचे काही घेत नव्हता, कोणाला त्रास देत नव्हता. तो फक्त दिसत होता. दुसऱ्याची चूल, त्याचे वाळत घातलेले कपडे, त्याची पोरे यांनी माझे सुख उणे होते असे ज्या क्षणी वाटले, त्या क्षणी तो माणूस माझ्या लेखी माणूस राहिला नाही. झुडपासारखा अडथळा झाला.

हे ड्यूकाचेच दुखणे आहे का, माऊली? दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहून आपण गाभाऱ्यापाशी येतो आणि पुढची म्हातारी विटेवर डोके ठेवून क्षणभर जास्त थांबते, तेव्हा आपल्या मनात काय येते? पालखीतळावर आपली राहुटी ऐसपैस लागावी म्हणून शेजारच्या दिंडीला आपण किती हात सरकवतो? वाटेत ज्याच्या पाया पडलो, तोच रांगेत आड येतो. मला तर वाटते, आपला दोष जास्त. ड्यूकाने निदान सर्वांभूती देव पाहण्याची माळ गळ्यात घातली नव्हती.

आता त्याच घराण्याची दुसरी गोष्ट ऐका. किंडर स्काउट नावाचा उंच माळ नवव्या ड्यूकाच्या मालकीचा होता, शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेला. तेथे चालायला बंदी. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे कष्टकरी तरुण बंदी मोडून वर चढले. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. पण प्रश्न मिटला नाही. पुढे १९४९ साली कायदा झाला आणि १९५१ मध्ये हाच मुलूख ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला.

त्या चढाईला ७० वर्षे झाली तेव्हा, २००२ साली, तेथे सभा भरली. नवव्या ड्यूकाचा नातू, अकरावा ड्यूक, तेव्हा ८२ वर्षांचा होता. तो त्या सभेला आला आणि आजोबांच्या माणसांनी केले त्याबद्दल चालणाऱ्यांसमोर उभे राहून त्याने क्षमा मागितली. कायद्याने त्याला तसे करणे भाग नव्हते. माळावर लोक केव्हाचे चालू लागले होते.