मनोरुग्णाचे घर आणि रुग्णालयाचे कर्तव्य

नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ साली, म्हणजे मध्यप्रांत अस्तित्वात येऊन अवघी तीन वर्षे झाली असताना, स्थापन झाले. आणि ज्या राजवटीने ते स्थापन केले तिच्या लेखी वेड हा व्याधीपेक्षा बंदोबस्ताचाच विषय अधिक होता. पुढे १९१२ च्या कायद्याने या व्यवहाराला जे रीतसर रूप दिले, त्यात रुग्णाचा आप्त प्रकट होतो तो अर्जदाराच्या रूपाने: शक्यतो पतीने किंवा पत्नीने, नाही तर अन्य नातलगाने मॅजिस्ट्रेटपुढे दरखास्त गुदरावी, दोन वैद्यकीय दाखले जोडावेत आणि दाखल करून घेण्याचा हुकूम मिळवावा. हुकूम निघाला की रुग्णाचा ताबा संस्थेकडे जाई. शुश्रूषेत घरालाही काही वाटा असू शकतो, या विचाराला त्या दप्तरात जागा नव्हती.

या विचाराला आपल्या देशात प्रथम ठसठशीत आकार दिला तो अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले, नातलगांना रुग्णांसोबत राहावयास लावले आणि उपचाराचे रहस्य त्यांच्यापुढे उघडे केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ साली मानसिक आरोग्य केंद्र उघडले, तेव्हा रुग्णासोबत घरचे माणूस असावे हीच तेथील रीत ठरली. खाटा अपुऱ्या आणि वैद्य मूठभर, म्हणून ही तजवीज करावी लागली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु एवढ्यावर थांबणे मला अन्यायाचे वाटते. तेथून घरी परतणारा रुग्ण एकटा परतत नव्हता. औषधाची वेळ जाणणारे, झोप उडू लागली की सावध होणारे आणि भ्रमाशी वाद घालून उपयोग नसतो हे उमगलेले एक माणूस त्याच्याबरोबर परतत होते.

पाश्चात्त्य मानसशास्त्र त्याच सुमारास निराळ्या वाटेने चालले होते. आईच्या थंड अथवा दडपणाऱ्या वागणुकीतून स्किझोफ्रेनिया उद्भवतो, असे मत तेथे काही काळ प्रतिष्ठित होते आणि त्याने असंख्य मातांच्या माथी निष्कारण अपराध मारला. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने हा प्रश्न अधिक समंजस केला: आजार का झाला यापेक्षा तो उलटतो केव्हा, हे त्यांनी पाहिले, आणि जेथे सतत टीका, वैरभाव किंवा अतिरेकी भावनिक गुंतवणूक असते अशा घरी परतलेल्या रुग्णांत आजार अधिक वेळा उलटतो, असे त्यांना आढळले. चंदीगड येथे डॉ. नरेंद्रनाथ विग प्रभृतींच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात, जो १९८७ साली प्रसिद्ध झाला, असे वागणाऱ्या नातलगांचे प्रमाण लंडनच्या मानाने कमी दिसले. या निष्कर्षाने आपण हुरळून जाऊ नये. टीका बहुधा निर्दयपणातून नव्हे, तर अज्ञानातून आणि थकव्यातून जन्मते. दिवसभर अंथरुणात पडून राहणारा तरुण मुलगा आळशी नाही, तो निरुत्साह आजाराचेच अंग आहे, हे ज्या बापाला कोणीच सांगितले नाही त्याने बोल लावले तर दोष एकट्या त्याचा कसा?

मग सांगायचे कोणी? सुमारे ९४० खाटांच्या नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात गडचिरोली-गोंदियाकडून एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या आईची गाठ मानसोपचारतज्ज्ञांशी पडते ती काही मिनिटे; तिचा खरा संबंध येतो तो परिचारिकेशी, अटेंडंटशी, समाजसेवा अधीक्षकाशी. आप्तांना उपचारात सामावून घेण्याची सारी भिस्त या मंडळींवर आहे, आणि त्यांच्या शिक्षणात मात्र औषध देणे, पहारा ठेवणे, नोंद करणे यांनाच दीर्घकाळ प्राधान्य मिळाले. २०१६ पासून राज्य शासन व टाटा ट्रस्ट्स यांनी येथे 'उडान' हा सुधारणेचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा इमारतींबरोबर माणसांच्या प्रशिक्षणाकडेही लक्ष गेले, ही मला त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. हे प्रशिक्षण केवळ माहितीचे असून भागणार नाही. रडणाऱ्या बहिणीला उपदेश न करता ऐकून घेणे, 'याला आता कायमचा इथेच ठेवा' म्हणणाऱ्या भावावर न संतापता त्याच्या घरची अडचण विचारणे, ही कौशल्ये सरावानेच येतात.

कुटुंब हे नेहमीच आश्रयस्थान असते, असेही नाही. बरी झाल्यावरही सासर-माहेर दोन्हींनी नाकारलेल्या स्त्रिया आपल्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिल्या आहेत. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा अधिकार दिला आणि तो नातलगच असावा असे बंधन घातले नाही, हे उचित झाले. त्याच अधिनियमाने कुटुंबाला साहाय्य देणाऱ्या सेवा शासनाच्या कर्तव्यात घातल्या, आणि रुग्णाला घरी पाठविताना त्याच्याशी, त्याच्या प्रतिनिधीशी व ज्यांच्याकडे तो राहणार त्यांच्याशी विचारविनिमय करण्याचे दायित्व तज्ज्ञांवर टाकले. १९१२ च्या कायद्यातील अर्जदार अशा रीतीने सेवेचा हक्कदार झाला. परंतु हा विचारविनिमय घरी सोडण्याच्या दिवशी सह्या घेता घेता उरकायचा, की दाखल केल्या दिवसापासून आरंभायचा, हे प्रत्यक्षात वॉर्डातच ठरते. तेव्हा नातलगाशी बोलणे हे परिचारिकेच्या व अटेंडंटच्या मर्जीचे सौजन्य न राहता त्यांच्या पाळीतील नेमून दिलेले काम व्हावे, त्यासाठी वेळ राखावा, आणि तो राखता येईल इतकी माणसे शासनाने नेमावीत.