पानाला वेळ दे

चि. मुक्तास,

इबादानला सुखरूप पोहोचलीस आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत यामच्या विषाणूंचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. आपल्या कोकणात याच जातकुळीचं कोनफळ म्हणजे परसातले चार वेल. पश्चिम आफ्रिकेत मात्र जगातलं ९० टक्क्यांहून अधिक याम पिकतं, म्हणजे तू ज्या पानांकडे बघणार आहेस त्यांच्यावर कितीतरी घरांचं पोट आहे.

पहाटे उठायची तुझी सवय तिथेही मोडू नकोस बरं. पानावरचा केवडा, शिरांलगतची गडद हिरवी पट्टी, चिंचोळं झालेलं पान, हे सगळं कोवळ्या उजेडात नीट दिसतं. उन्हं चढली की पान चकाकतं आणि नजर फसते. तरी नुसत्या नजरेवर विसंबू नकोस, कारण अन्नद्रव्य कमी पडलं तरी पान पिवळं पडतं, आणि वरून निरोगी दिसणाऱ्या वेलातही विषाणू असू शकतो.

काटकसर तुला शिकवायला नकोच. पानाचा लहानसा तुकडा चाचणीला घ्यावा, उरलेला सिलिका जेलमध्ये वाळवून नाव-तारखेसह जपावा. पण प्रत्येक चाचणीत एक निरोगी आणि एक नक्की रोगट नमुना सोबत लावताना हात आखडू नकोस. यामचा रस बुळबुळीत. त्यातल्या घटकांनी विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर चाचणी अडते आणि विषाणू असूनही उत्तर ‘नाही’ येतं. अशा वेळी अर्क पातळ करून पुन्हा लावावा.

पानावर केवडा आणणारा मोझॅक विषाणू आरएनएचा, तो आरटी-पीसीआरने सापडतो. माझा जीव अडकतो तो डीएनएच्या बॅडनाव्हायरसपाशी. आफ्रिकेतल्या पांढऱ्या यामच्या गुणसूत्रांतच या विषाणूंचे जुने तुकडे मिसळून गेलेत, त्यामुळे साध्या पीसीआरमध्ये विषाणू असल्याची पट्टी उमटते आणि वेल मात्र धडधाकट असू शकतो. वंशावळीत पणजोबांचं नाव निघालं म्हणून ते ओटीवर बसलेले नसतात ना, तसंच हे! म्हणून रोलिंग सर्कल पद्धतीने पडताळून बघ. तिच्यात वर्तुळाकार डीएनए वाढतो, आणि मोकळ्या विषाणूचा डीएनए वर्तुळाकारच असतो.

तू मन लावून काम करशील यात मला शंका नाही; काळजी आहे ती फक्त घाईची. याम लावतात कंदाचे तुकडे करून, म्हणून रोगट कंद ‘निर्दोष’ ठरला तर विषाणू बेण्याबरोबर वर्षानुवर्षं शेतोशेती फिरतो. तिथून पुढे मावा काही क्षण सोंड टोचून मोझॅक पसरवतो, फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. उलट चांगला कंद ‘रोगट’ ठरवलास, तर शेतकऱ्याने पोटाला चिमटा काढून राखलेलं बेणं वाया जातं. वेलाचा शेंडा काढून प्रयोगशाळेत विषाणूमुक्त रोप वाढवायलाही कित्येक महिने लागतात, तेव्हा तुझी आणखी एक चाचणी कुणाला जड होणार नाही.

कुणी निकालासाठी तगादा लावला, तर ‘पडताळणी बाकी आहे’ असं सरळ सांग आणि वहीतही तसंच लिही. जेवण वेळेवर घे. रोलिंग सर्कलच्या चाचणीत काय निघालं, ते पुढच्या पत्रात सविस्तर कळव.

तुझे,
आजोबा