नऊ तारखेची तपासणी

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी असते. वजन, बीपी, हिमोग्लोबिन आणि सिफिलिससाठी रक्त. हे नाव घेताना आपला आवाज अजूनही खाली येतो. पण आईला काहीच त्रास नसला तरी हा आजार नाळेतून बाळापर्यंत पोहोचतो. मूल पोटातच दगावू शकतं. उपाय जुनाच, पेनिसिलिनचं इंजेक्शन. मात्र ते बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी मिळायला हवं. क्यूबानं आईकडून बाळाला होणारी ही लागण जवळपास संपवली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तसं प्रमाणित केलं. श्रीमंत अमेरिकेत मात्र २०२२ मध्ये आईकडून सिफिलिस झालेली ३,७०० हून अधिक बाळं नोंदली गेली! म्हणूनच तपासणीच्या कार्डावर नुसती खूण करून भागत नाही. रिपोर्ट आला का, नवऱ्याची तपासणी झाली का, हे नर्सताईंनी विचारायला हवं. आणि तेही चारचौघांत नव्हे.