जिन्यावरून गेलेली तार

बुटीबोरीच्या एमआयडीसीत नाइट शिफ्ट सुटली की मामांच्या घराचा जिना वाजू लागतो. वरच्या दोन खोल्यांत चार पोट्टे भाड्याने राहतात. दोघे गोंदियाकडचे, दोघे बालाघाटचे. खालच्या राउटरची रेंज वर नीट पोचत नाही. स्लॅब आणि विटांच्या भिंती लहरी गिळतात, 5 गिगाहर्ट्झच्या तर जास्तच. म्हणून घरच्यांना व्हिडिओ कॉल करायला पोट्टे पायरीवर येऊन बसतात. मामांना ते पाहवेना. रविवारी त्यांनी मला नागपूरहून बोलावलं, कपाटातला जुना राउटर हातात दिला आणि म्हणाले, "याले वर लाव. नाव तेच, पासवर्ड तोच. घर एक तर नेट एक."

काम अर्ध्या तासाचं. खालच्या राउटरचा पत्ता 192.168.1.1, म्हणून जुन्याला 192.168.1.2 दिला आणि तो आकडा दुसऱ्या कोणाला वाटला जाणार नाही असं पाहिलं. मग जुन्यावरचं डीएचसीपी बंद केलं. घरात येणाऱ्या फोनला आकडा वाटायचं काम एकाच यंत्राने करावं. दोघे वाटू लागले की फोन भलत्याच दाराशी जाऊन उभा राहतो. खालचा चॅनेल 1 होता, वरचा 6 ठेवला. खालून आणलेली तार 'वॅन' लिहिलेल्या भोकात लावायची नाही, बाजूच्या लॅनच्या भोकात लावायची. एवढं झालं की जुना राउटर फक्त ॲक्सेस पॉइंट उरतो. हिशेब सगळा खालीच.

"हिशेब म्हणजे?" मामांनी विचारलं.

मी लॅपटॉपवर यादी उघडली. त्यांचा फोन, मामीचा, टीव्ही, कॅमेऱ्याचा डबा. "उद्या यात वरचे चार फोनही दिसतील. कोण केव्हा जोडला गेला, केव्हा गेला. काय पाहतात ते या यादीत नाही दिसत. पण रात्रपाळीहून कोण परतला अन् कोण नाही, हे तुम्हाला खाटेवरून कळेल."

"मी काहून पाहीन?"

"नाही पाहणार. पण पाहता येईल, मामा. अन् त्यांना हे माहीत नसेल."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कनेक्शन माझ्या नावावर आहे. उद्या कोणी काही उलटंसुलटं केलं तर दार कोणाचं वाजन?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत स्फोट झाले, त्याआधी धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलिस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरी पोचले. घरातल्या माणसाचा त्यात हात नव्हता. त्याच्या वायफायला कुलूप नव्हतं, एवढंच. त्याच वर्षी माटुंग्याच्या एका कॉलेजचं वायफायही असंच वापरलं गेलं, आणि 2009 साली दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवायच्या सूचना काढल्या. जबाबदारी माझी, तर मला कळायला हवं, हे मामांचं म्हणणं मला खोडता येईना.

"मग त्यायचं वेगळं करून दे," मामा म्हणाले. "मधात भिंत घाल."

"घालता येते. तार वॅनच्या भोकात लावली, वरचे आकडे खालच्यांहून वेगळे ठेवले अन् डीएचसीपी चालू ठेवलं, की वरचं जाळं वेगळं. तुमच्या यादीत चार फोनांऐवजी एकच राउटर दिसेल. पण ती भिंत एकाच बाजूने आहे. त्यांच्याकडून तुमच्या कॅमेऱ्याच्या डब्यापर्यंत वाट उघडी राहते. तुमच्याकडून त्यांच्याकडे बंद."

"म्हणजे मी त्यायले दिसतो, ते मले नाही?"

"हो. कॅमेरा झाकायचा तर उलटं करावं लागेल. आतला राउटर तुमचा, बाहेरचं जाळं त्यांचं."

"म्हणजे मी माजघरात, अन् पोट्टे छपरीत."

यावर मी काय बोलणार? लोकांनी घरं अशीच बांधली आहेत. छपरीत कोणीही बसावं, पाणी मागावं. माजघरात पाऊल टाकायला नातं लागतं. त्यात मला अपमान दिसत नाही. पण छपरीत बसलेल्याला घरधनी दारातून दिवसभर न्याहाळत नसे, आणि न्याहाळलं तर पाहुण्याला ते दिसायचं. इथे न्याहाळणारा डोळा बसलेल्याला दिसतच नाही. मला खुपत होतं ते हेच.

"अन् बाहेरचं जाळं त्यायचं केलं, तरी त्याची यादी कोणापाशी?"

"तुमच्यापाशीच. मुख्य राउटर तुमचा."

"मग भिंतीनं माझा कॅमेरा वाचला. त्यायचं काय वाचलं?"

मामा उठले. चप्पल घातली नाही, तसेच जिना चढले. मी लॅपटॉप घेऊन मागे. नुकताच झोपेतून उठलेला एक पोट्टा दारात आला. मामांनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं: नेट देतो, भाड्यात काही वाढ नाही, पासवर्ड बाहेर कोणाला द्यायचा नाही, अन् तुमचे फोन केव्हा जोडले हे मले खाली दिसन.

"रात्री किती वाजेपर्यंत जागतो, तेही?"

"फोन चालू असला तर अंदाज येते."

पोट्टा चौकटीला टेकून उभा राहिला. आतून दुसरा उठून आला, त्याने त्याच्या कानात काही सांगितलं. मग पहिल्याने विचारलं, "काकाजी, ती यादी आमाले दिसन का? तुमचा फोन पण असन ना त्यात."

मी घाईने म्हणालो की यादी उघडायचा, राउटरचा पासवर्ड दिला तर सगळ्या सेटिंग बदलता येतात, ते बरोबर नाही. मामांनी हात करून मला थांबवलं.

"पासवर्ड राहू दे. पण जवा म्हणतीन तवा यायनं खाली यावं, अन् मी उघडून दाखवीन." मग पायरीवर बसले आणि बाजूला सरकून जागा केली. "आत्ता दाखव रे यायले."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. यादीत सगळ्यात वर मामांचा फोन होता, पहाटे 4 वाजून 10 मिनिटांपासून जोडलेला.

"काकाजी," पोट्टा म्हणाला, "तुमाले झोप नाही येत का?"